माझ्या कपाटातल्या सात सह्या

रिया, परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की सुट्टीवर जाताना ऑफिसचा पासवर्ड मैत्रिणीला देऊन आलीस, आमच्याकडे सगळेच देतात. मी "बरं" म्हटलं आणि विषय तुझ्या भावाच्या, ईशानच्या, परीक्षेकडे नेला. तुमच्या आईला वाटलं, आजीला पासवर्ड प्रकरण कळलं नसावं. कळलं होतं. इतकं कळलं होतं की फोन ठेवल्यावर बराच वेळ मी काही कामाला हात लावला नाही.

आमच्या निवृत्तांच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो. संपादक दर वर्षी "बाई, नोकरीतलं काहीतरी द्या" म्हणून मागे लागतात आणि मी दर वर्षी टाळते. या वर्षी देते आहे, कारण तुम्हा दोघांना सांगायचंच आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ती भाषा मला अवघड नाही. पण चौतीस वर्षं मी इंग्रजी लिहिलं ते कार्यालयासाठी, आणि कार्यालयाच्या इंग्रजीत कुणीच काही करत नाही, सगळं आपोआप होतं. हे असं लिहिण्याजोगं नाही.

माझी नोकरी पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात, प्रकल्प शाखेत. प्रकल्प शाखा म्हणजे काय ते सोप्या शब्दांत सांगते. जलवाहिनी, टाकी, पंप ही कामं अभियंते आणि कंत्राटदार करतात. कुठलं काम कुणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचं, आणि झालं नाही तर जाब कुणाला विचारायचा, हे सांभाळायचं काम आमचं. मी तिथली अधीक्षक होते. आमच्या वेळी प्रत्येक कागदावर खालून वर पाच सह्या होत. पाच सह्या असल्या की चूक पाच जणांत वाटली जाई आणि कुणाच्याच वाट्याला येत नसे. या सोयीवर आमची पिढी सुखाने निवृत्त झाली.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आणि ते चारी बाजूंनी सुटलं होतं. वाळूजच्या कंपन्यांनी बजाजनगर वसवलं होतंच. इकडे बायपासच्या पलीकडे, जिथे आदल्या वर्षी कापूस होता, तिथे रो-हाउसच्या रांगा उभ्या राहत होत्या. प्रत्येक वसाहतीला झकास नाव, कमान, नारळाची दोन झाडं. नळ मात्र नाही. त्यातच लागोपाठ पाऊस गेला. जायकवाडी मृतसाठ्यावर आलं. जुन्या शहरात चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी आणि नव्या वसाहतींत फक्त टँकर. आमच्या शाखेकडे त्या टँकरच्या खेपांचं काम आलं: कुठली खेप, किती वाजता, कुठल्या वसाहतीत पोहोचली.

पहिली दोन वर्षं हे काम माझ्या वहीवर चाललं. चालकाची सही, वसाहतीतल्या एका माणसाची सही, आणि महिन्याच्या शेवटी माझा बावीस पानांचा इंग्रजी अहवाल, हिरव्या कापडी पट्टीने बांधलेला. वरचे लोक तो वाचत नसत हे मला माहीत होतं, पण चाळताना "सुरेख" म्हणत. मला तेवढं पुरे होतं.

मग उज्ज्वला गायके आली.

ती कनिष्ठ अभियंता. कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी, शिक्षण सगळं मराठीत, नवरा वाळूजला कंपनीत, दोन लहान मुलं, बजाजनगरहून स्कूटीवर यायची. वय माझ्यापेक्षा वीस वर्षांनी कमी. आल्यावर सहा महिन्यांत तिने खेपांचं सगळं काम संगणकावर नेलं. प्रत्येक वसाहतीला पडद्यावर एक ठिपका. खेप पोहोचली की हिरवा, राहिली की लाल. साहेबांना तो पडदा इतका आवडला की भेटीला कुणीही आलं तरी "गायकेबाईंना बोलवा" अशी हाक येई. पूर्वी "वैद्यबाई, तो अहवाल आणा" अशी येत असे.

मला हेवा वाटायचा. सौम्य शब्द शोधला, पण सापडला नाही. तिच्या पडद्याचा वाटायचा, साहेबांच्या आवाजातल्या कौतुकाचा वाटायचा, ती डबा खाताना मोठ्याने हसे त्याचाही. माझ्याकडे एकच शस्त्र होतं. तिला इंग्रजी पत्र लिहिता येत नसे. मसुदा घेऊन ती माझ्या टेबलाशी येई, मी लाल पेन्सिलीने पान रंगवून देई. "मॅडम, लई चुकते का हो मी?" ती विचारायची. "सुधारशील," मी म्हणायचे. एकदा वरच्या कार्यालयाला जाणाऱ्या पत्रातली एक ढोबळ चूक मी पाहून न पाहिल्यासारखी केली. तिथून फोन आला, साहेबांनी तिला सगळ्यांसमोर बोलून घेतलं. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

आता सह्यांचं सांगते. संगणकावर काम गेलं तशी पाच सह्यांची जागा एका सहीने घेतली, डिजिटल सहीने. पेनड्राइव्हएवढं एक यंत्र असतं, आम्ही त्याला डोंगल म्हणत असू. ते संगणकाला लावायचं, आपला गुप्त आकडा टाकायचा, की सही झाली. रोज संध्याकाळी सहाच्या आत त्या दिवसाच्या खेपांवर अशी सही करून दिवस "बंद" करायचा; मग त्यात कुणालाही बदल करता येत नाही. खेपांची सही उज्ज्वलाची. निविदांची दुसऱ्या कुणाची, मोजमापांची तिसऱ्याची.

कायदा असा की ही सही हातच्या सहीइतकीच पक्की. ज्याची त्याने ती स्वतःच्या ताब्यात सांभाळावी, आणि दुसऱ्याची अप्रामाणिकपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा सगळ्यांना ऐकून माहीत होता. पण टंचाईच्या काळात आमच्या रजा बंद होत्या, आणि माणसाला लग्नकार्य, आजारपण असतंच. म्हणून आमच्याकडे एक रीत पडली. ज्याला गुपचूप एक दिवस जायचं असेल त्याने डोंगल वैद्यबाईंच्या कपाटात ठेवून जावं आणि हजेरीपटावर त्या दिवसाची सही दुसऱ्या दिवशी येऊन करावी. माझ्याकडेच का, तर मी टापटिपीची. पोळ्यांच्या चपट्या डब्यात मी सात कप्पे केले होते, प्रत्येकावर नाव, आणि प्रत्येकाचा आकडा बंद पाकिटात. कुणाचं काम अडलं की मी पाकीट उघडे, सही करी, पाकीट पुन्हा चिकटवी. सात जणांच्या सह्या माझ्या कपाटात आहेत याचा मला अभिमान होता. यात काही वावगं आहे असं साहेबांसकट कुणालाही वाटत नव्हतं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात उज्ज्वलाच्या धाकट्या बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते. ती आदल्या दिवशी डोंगल माझ्याकडे ठेवून कन्नडला गेली.

त्या दिवशी दुपारी खेपा पाहणाऱ्या शेखभाईंचा फोन आला. टँकर जिथे भरतात तिथे पाण्याला दाबच नव्हता. "मॅडम, पाइंट पे प्रेशरच नै है. चार टँकर खाली खडे हैं. आज होताच नै." चारही खेपा बायपासपलीकडच्या एकाच वसाहतीच्या. मी साहेबांना सांगितलं. साडेपाचला वरच्या अधिकाऱ्यांची पडद्यावरून आढावा बैठक होती, आणि सगळ्या जिल्ह्यांचे ठिपके तिथे शेजारी शेजारी दिसत. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी पाठवायचंच आहे ना? मग आजचा दिवस बंद करून टाका. आपल्याकडे लाल नको." शेखभाईंनीही कबूल केलं की सकाळी पहिल्यांदा टँकर तिकडेच जातील.

मी पाकीट उघडलं. चार खेपा पोहोचल्या असं लिहिलं आणि उज्ज्वलाची सही केली. एक गोष्ट मी तेव्हाच जाणली होती, फक्त तिच्याकडे पाहिलं नाही. तिथे माझं नाव उमटणार असतं तर माझा हात थांबला असता. तिचं नाव होतं, म्हणून थांबला नाही.

दुसऱ्या दिवशीही दाब आला नाही, आणि त्या दिवसाच्या यादीत ती वसाहत नव्हतीच, म्हणून पडद्यावर लालही दिसलं नाही. टँकर तिसऱ्या दिवशी गेले, तोवर तिथली माणसं दोन दिवस कोरडी होती. उज्ज्वला कामावर आली तेव्हा मी डोंगल परत दिलं आणि दिवस बंद केल्याचं तिला सांगितलं. काय लिहून बंद केला ते सांगितलं नाही.

त्या वसाहतीत एक निवृत्त शिक्षक राहत. खुलताबादकडच्या शाळेत त्यांचा जन्म गेला होता. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दूध आणि सिलिंडर जसं लिहितात तसा ते टँकरही लिहीत: आला, किती वाजता, पाणी कसं होतं. माहितीच्या अधिकारात त्यांनी आमच्याकडून त्या महिन्याच्या खेपा मागवल्या आणि कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. त्यांच्या कॅलेंडरवर त्या तारखेला फुली होती, आमच्याकडे चार हिरव्या खेपा. त्यांनी एक तक्रार कार्यालयाला दिली आणि एक सायबर पोलीस ठाण्यात, संगणकावर खोटी नोंद केल्याबद्दल. नोंदीवर एकच सही होती. नोटीस उज्ज्वलाला आली, उत्तराला दहा दिवस.

तिची स्थिती फार वाईट होती. त्या दिवशी इथे नव्हतेच असं म्हणावं तर हजेरीपटावर तिचीच सही, हजर म्हणून. निलंबन जवळपास ठरलेलं, आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला तर नोकरीच जाणार. साहेब चौकशी अधिकाऱ्यांना सांगून मोकळे झाले की आपण असा काही आदेश दिला नव्हता. तोंडी आदेशाची नोंद कुठल्याही संगणकात राहत नाही. शेखभाईंना सही कुणी केली ते माहीत नव्हतं. ते साहेब सोडले तर एकट्या मला माहीत होतं. बाकीच्यांना माझ्या कपाटाचा संशय आला असेल, पण त्यांचीही डोंगलं त्याच डब्यात होती.

मी बोलले नाही.

पहिल्याच दिवशी खेपांचं काम तिच्याकडून काढून माझ्याकडे देण्यात आलं. साहेब म्हणाले, "वैद्यबाई, आता तुम्हीच." आढावा बैठकीत मी तिच्या खुर्चीवर बसले. मुलांनो, मला ते आवडलं. भीती होती, पण तिच्यापेक्षा आनंद मोठा होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या लोकांनी मला कायद्यात नेमकं काय आहे ते विचारलं, कारण प्रत इंग्रजीत होती. दुसऱ्याची सही वापरणाऱ्याला शिक्षा आणि आपली सही नीट सांभाळण्याची जबाबदारी, अशी दोन्ही कलमं मी वाचली होती. मोठ्याने फक्त दुसरं वाचलं. उज्ज्वला तिथेच उभी होती. "बरोबर हाय," एवढंच म्हणून ती जागेवर गेली.

चौथ्या दिवशी ती उत्तराचा मसुदा घेऊन माझ्या टेबलाशी आली, नेहमीसारखी. मराठीत लिहिला होता. "मॅडम, तेवढं इंग्रजी करून द्या. माझ्यानं नीट होणार नाय." मी वाचला. त्यात होतं: त्या दिवशी मी गावी होते, हजेरी दुसऱ्या दिवशी लावली, माझी सही माझ्या ताब्यात नव्हती, ती मी कार्यालयात ठेवली होती, ही माझी चूक आहे. बस, इतकंच.

"कुणाकडे ठेवली होती ते लिहिलं नाहीस," मी म्हणाले.

"ते मी कशाला लिहू? ज्याचं त्यानं लिहावं."

टोमणा होता की आणखी काही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. ती डबा खायला गेली. मी तिच्या मसुद्याचं इंग्रजी करत बसले, आणि तुम्हाला सांगते, आयुष्यात इतकं निर्दोष इंग्रजी मी लिहिलं नाही. तिलाच अडकवणारं प्रत्येक वाक्य मी घासूनपुसून स्वच्छ केलं. ते करताना मला तिचा आधीपेक्षा जास्त राग आला. माझी निवृत्ती दीड वर्षावर आहे हे तिला माहीत होतं, आणि ती मला वाचवत होती. तिचा पडदा मी घेतला होता, खुर्ची घेतली होती. हा मोठेपणा मात्र मला तिच्याकडून हिसकावता येत नव्हता.

आठव्या दिवशी चौकशीसाठी आलेला संगणक विभागाचा माणूस माझ्या टेबलाशी चहा पीत बसला होता. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, सही कुणाची एवढंच नाही, कुठल्या संगणकावरून झाली तेही निघतं. त्यासाठी वरच्या कार्यालयाला लिहिलंय, उत्तर दोन-तीन दिवसांत येईल. मी त्याला बिस्किटं पुढे केली. उज्ज्वलाचा संगणक खिडकीशी होता, माझा कपाटाशी.

नवव्या दिवशी सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे जाऊन लेखी जबाब दिला. डबा, पाकिटं, सात नावं, त्या दिवशीची चार खेपांची नोंद, साहेबांचं बोलणं, सगळं. त्यांनी विचारलं, बाई, इतके दिवस का थांबलात? मी म्हणाले, धीर होत नव्हता. ते खोटं होतं, पण सभ्य होतं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

गुरुजींना त्याच दिवशी बोलावलं होतं. बारीक, ताठ माणूस, कॅलेंडरची गुंडाळी काखेत. अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितलं की सही गायकेबाईंची असली तरी नोंद यांनी केली. गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मला कुणाला कोठडीत घालायची हौस नाही. शेजारच्या घरात ओली बाळंतीण होती. मी तुमच्या कार्यालयाला फोन केला तर उत्तर मिळालं, तुमच्याकडे पाणी पोहोचलंय, इथं दिसतंय. मी खोटं बोलतोय असं झालं हो. तेवढं एक वाक्य मागं घ्या."

मी ते लिहून दिलं. चौतीस वर्षांतला माझा हाच एक कागद, ज्यावर फक्त माझी सही आहे.

गुरुजींनी पोलिसांकडची तक्रार पुढे रेटली नाही. चौकशीत मला सक्त ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. उज्ज्वलालाही सही बाहेर ठेवल्याबद्दल साधी ताकीद. साहेबांची बदली झाली, आधीपेक्षा चांगल्या गावी. डबा रिकामा झाला. त्यानंतरचे पंधरा दिवस कामं अडली, कारण जो तो आपलं डोंगल शर्टाच्या खिशात घालून हिंडे आणि दुसऱ्यासाठी कशावरही सही करायला तयार नसे. पण पडद्यावर पहिल्यांदा लाल ठिपके दिसू लागले. वरून फोन आले, आरडाओरडा झाला, आणि पाण्याला दाब नाही हे कळल्यावर टँकर भरण्याची दुसरी जागा चार दिवसांत मिळाली. दोन उन्हाळे आम्ही हिरवे ठिपके दाखवत होतो म्हणून ती मिळाली नव्हती. या कायद्याने प्रकल्प रखडतात असं तुला कुणी सांगितलं, रिया, तर ते खरं आहे. कशासाठी रखडतात तेही विचार.

कार्यालयात मी एकाएकी थोर झाले. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेली बाई स्वतःहून पुढे आली, कनिष्ठ मुलीला वाचवलं, असं लोक बोलू लागले. मी कुणाला अडवलं नाही. खेपांचं काम उज्ज्वलाकडे परत देताना मात्र मला राहवलं नाही. अभिलेख कक्षात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "कुठल्या संगणकावरून सही झाली ते निघतं, हे मला आठव्या दिवशी कळलं. त्याआधी मी येणार नव्हते."

ती याद्या जुळवत होती. वर न बघता म्हणाली, "व्हय. मला पहिल्या दिवशीच माहीत होतं."

"तुला?"

"मॅडम, ती सिस्टीम मीच लावली न. तुमच्या मशीनचा नंबर नोटीस आली त्याच दिवशी पाहिला मी."

एका ओळीत ती सुटली असती. "मग लिहिलं का नाहीस?"

"मी लिहिलं असतं तर तुम्ही पकडल्या गेल्या असत्या. तुम्ही सांगितलं तर सांगितलं होतं. दोन्हीत लई फरक पडतो, सेवापुस्तकात बी."

"आणि मी सांगितलंच नसतं तर?"

"तर दहाव्या दिवशी मीच दिलं असतं लिहून. मला बी लेकरं हायत, मॅडम. नऊ दिवस थांबायचं ठरवलं होतं. त्याच्यावर एक दिवस नाय." मग तिने याद्या माझ्यापुढे सरकवल्या. "सही करा. तुमची."

ती नऊ दिवस रोज माझ्यासमोरून गेली, डबा खाल्ला, एकदा मला तिच्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणीही दिली. मी कायदा अर्धा वाचला तोही तिने ऐकला होता. यातलं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. माझ्या निरोप समारंभात भाषण करून तिने मला प्रामाणिक म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पहिल्या रांगेत शाल पांघरून बसले होते.

ती आता बरीच वर चढली आहे. मोठ्या जलवाहिनीचं काम तिच्याकडे आहे. पेपरात फोटो येतो तेव्हा मी पान उलटते, मग परत मागे येऊन पाहते. दिवाळीला तिचा फोन येतो. तिचं इंग्रजी आता चांगलं झालंय, त्याचंही मला वाईट वाटतं.

तुम्ही हिवाळ्यात येणार आहात. वेरूळ दाखवीन, पाणचक्की दाखवीन, खुलताबादला नेईन. बजाजनगरला उज्ज्वलाकडे मात्र नेणार नाही. ती तुम्हाला फार आवडेल.